ताल धरणारी हरणी

मनोरमाबाईंनी चिपळ्या बोटांत अडकवून एकदा वाजवून पाहिल्या, तशी जाळीपलीकडे तुळसाने मान वर केली. तिचे कान पुढे आले. शेपटीचा पांढरा झुपका ताठ उभा राहिला. मग तिने पुढचा उजवा पाय सावकाश उचलला, क्षणभर तसाच अधांतरी धरला आणि खाडकन जमिनीवर आपटला.

"बघ," मनोरमाबाई हरखून म्हणाल्या. "अगदी समेवर."

औषधांची पेटी पायाशी ठेवून ज्ञानदा जाळीला टेकून उभी होती. बागेतल्या जनावरांची ही नवी डॉक्टर. आधीचे म्हातारे डॉक्टर थकले, तेव्हापासून दर बुधवारी ती विरारहून स्कूटरवर येई, मोरांची आणि सशांची विचारपूस करी आणि जाताना तुळसापाशी दोन घटका थांबे. मनोरमाबाईंची तालीम मात्र आज तिने पहिल्यांदाच पाहिली.

नंदाखाल ओलांडून आगाशीकडे निघालं की केळीच्या वाड्यांमध्ये ही बाग लागते. विश्वस्तांनी फार पूर्वी देवळालगतच्या मोकळ्या जागेला जाळी घालून प्राणी पाळले. मनोरमाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि लहानपणापासून मनात धरलेलं कीर्तन त्यांनी अंगावर घेतलं, तेव्हा या जाळीआड नुसती गजबज होती. नीलगाई होत्या, काळविटं होती, एक लाजरं भेकर होतं, आणि चितळांचा तर कळपच्या कळप उन्हाच्या कवडशांसारखा झाडांखालून सळसळत जाई. विरारच्या फ्लॅटमध्ये मोठ्याने गायलं की खालचा शेजारी छताला काठी ठोकायचा. म्हणून त्या तालमीला इथे येऊ लागल्या. माणसं नसली तरी हरणं कान टवकारून ऐकत. देवाने श्रोते दिले, असं त्या म्हणत आणि हात जोडत.

मग एकेक जाळी रिकामी झाली. नीलगाय मेली, तिच्या जागी दुसरी आली नाही. काळविटं कुठेतरी पाठवली. पाट्या तेवढ्या राहिल्या. पाटीवर नीलगायीचं चित्र आणि मागे गवत. शेवटी राहिली ती ही एकटी चितळाची मादी. कीर्तन सुरू झालं की जाळीशी येणारी, पायाने ताल धरणारी. एकादशीला तोंडात गवताची काडी न घेणारी. कीर्तनाला येणाऱ्या बायकांनीच तिचं नाव तुळसा ठेवलं होतं.

"काकू, एक मिनिट थांबाल?" ज्ञानदा म्हणाली. "वाजवू नका हं. नुसत्या उभ्या राहा."

मनोरमाबाईंनी चिपळ्या पदरात गुंडाळल्या. देवळामागच्या नारळांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. तुळसा हलली नाही. डोळा मिटला नाही. आणि मग त्या शांततेत तिने पुन्हा पाय उचलला आणि आपटला.

"आत्ता कुठे होता ताल?" ज्ञानदाने हळूच विचारलं.

"मनात चालू असेल तिच्या."

"काकू," ज्ञानदा म्हणाली, "चितळाला धोका वाटला ना, की ते असंच करतं. कान पुढे, शेपटी वर आणि पाय आपटायचा. जंगलात वाघाचा वास आला तरी हेच करतं."

मनोरमाबाई हसल्या. "अगं, घाबरली असती तर पळाली नसती का? ही तर जवळ येते."

"पळून कुठे जाणार? आणि जवळ येते ती बघायला, धोका नक्की कुठे आहे ते. तो पाय आपटणं आपल्यासाठी नसतंच. बाकीच्यांसाठी असतं. कळपाला सांगायचं, सावध व्हा, इथून हला."

"पण कळप कुठाय?"

ज्ञानदाने खाली वाकून पेटीची कडी लावली. ती लागलेलीच होती. तिने काढून पुन्हा लावली.

चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन प्लासिड येत होता. तो नंदाखालचाच. नीलगाई होत्या तेव्हापासून या जनावरांना चारापाणी तोच घालत आला होता. भारा टाकून त्याने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं, बाय? कोन आजारी हाय?"

"प्लासिडभाऊ," मनोरमाबाई म्हणाल्या, "एकादशीला ही खात नाही, ते कधीपासून?"

"पयल्यापासून. तुमचं कीर्तन असलं का दिवसभर तोंड नाय लावत."

"फक्त एकादशीला?"

प्लासिडने डोक्यावरची चुंबळ सोडली आणि त्याच फडक्याने मान पुसली. "रामनवमीला पन नाय. त्या लग्नाचा बँड वाजला ना पलीकडच्या हॉलात, तवा पन नाय खाल्लं."

"मग हे बोलला नाहीत कधी?"

"मी किरिस्तांव मानूस, बाय. तुमच्या बायका सांगत होत्या, उपास धरते म्हनून. कसं छान वाटत होतं सगल्यांना. तुमच्या देवाच्या कामात मी काय बोलनार? आनि मला पन वाटलं, धरत असंल. आमची घरवाली सालोमी पन शुक्रवारी मटन नाय खात." तो ओशाळून हसला, पण दुसरं कुणी हसलं नाही.

चिपळ्या मनोरमाबाईंच्या पदरात होत्या. त्यांनी पदराची गाठ मारली, घट्ट, वाजणार नाहीत अशी.

दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या मोठ्या केंद्रातून गाडी आली होती. तिकडे चितळांना टेकडीभर मोकळं रान होतं. सगळा कळप न्यायचा ठरला होता. तेव्हा मनोरमाबाई आगाशी-बोळींजच्या बायका घेऊन विश्वस्तांकडे गेल्या होत्या. बाकीची न्या, पण ही ठेवा, असं पदर पसरून म्हणाल्या होत्या. ही नुसतं जनावर नाही, मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल, ते फेडायला आली आहे. विश्वस्त देवभोळे, त्यांनी ऐकलं. गाडी निघाली तेव्हा तुळसा जाळीला लागून शेवटपर्यंत धावली होती. पुढचे कितीतरी दिवस ती कर्कश ओरडत राहिली. तिचं मन रमावं म्हणून मनोरमाबाई त्या दिवसांत रोज आल्या. रोज चिपळ्या घेऊन तिच्यासमोर उभ्या राहून गायल्या.

"तिला आता तिकडे पाठवता येईल का गं?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं त्यांना, आल्या आल्याच." ज्ञानदा म्हणाली. "ते आता खुरांची जनावरं घेतच नाहीत. त्यांचीच कमी करतायत. सगळीकडे तेच चाललंय, काकू. आणि हिचं वय बघा. गाडीत चढवतानाच भीतीने जीव सोडेल."

"मग एखादी सोबतीण आणली तर?"

"कोण देणार? आणि इथे आणू कोण देणार?"

तुळसा अजून तशीच उभी होती. काळी, ओली नजर तिघांवर रोखून.

"मग आपण काय करायचं?"

"काहीच नाही," ज्ञानदा म्हणाली आणि आपल्याच बोलण्याने कानकोंडी झाली. "म्हणजे… शांतता द्यायची. तेवढंच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी मनोरमाबाई कचेरीत गेल्या. जुन्या विश्वस्तांचा मुलगा कौस्तुभ आता बागेचं सगळं बघे. बोलायला गोड, कामाला वाघ. टेबलावर मोठा नकाशा पसरून तो कुणाला तरी फोनवर समजावत होता. त्यांना पाहताच फोन ठेवून उठला, वाकून नमस्कार केला.

"या, या. आमच्या स्टार आल्या! काकू, परवासाठी स्पीकर सांगितलेत. मांडव अगदी जाळीला चिकटून घालतोय, म्हणजे तुळसा सगळ्यांच्या फोनात नीट येईल. मागच्या वेळचा व्हिडिओ कुठवर गेला माहितीये? राजोडीला समुद्रावर येणारे लोक गाडी वळवून विचारतात, ती ताल धरणारी हरणी कुठेय?"

"परवाचं कीर्तन देवळात करू या, कौस्तुभ. आत, गाभाऱ्यासमोर."

"आत? का हो?"

"ती घाबरते रे."

"कोण?"

"तुळसा. ताल नाही धरत. घाबरून पाय आपटते. नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

कौस्तुभ खुर्चीत बसला आणि नकाशाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करू लागला.

"राग मानू नका, काकू. तुमची माझी माया वेगळी आहे म्हणून बोलतो. आत देवळात कीर्तन ठेवलं तर येणार कोण? चार म्हाताऱ्या, त्यातल्या दोघी झोपणार. लोक तुमच्या कीर्तनाला येत नाहीत. तुळसाला येतात."

"ते माहीत आहे मला," मनोरमाबाई म्हणाल्या. माहीत होतंच. कुणी तोंडावर बोललं नव्हतं, एवढंच.

"आणि ती पाय आपटते म्हणून तर ही जागा तिला आहे." त्याने नकाशावर हात ठेवला. "इथे पक्ष्यांचा मोठा पिंजरा यायचाय. माणसं आत शिरणार, रंगीत पोपट खांद्यावर बसणार, फोटो काढणार. बाबा म्हणाले, तुळसा आहे तोवर थांबू. बरं, मी थांबलो. पण खुराचं जनावर खातं फार आणि दाखवतं काही नाही. नीलगाय बघून पोरं विचारायची, ही गाय अशी काळपट का? उद्या हीसुद्धा नुसती हरणी झाली, तर मागचा विटांचा गोठा रिकामाच आहे. तिथे ठेवू. सावली आहे, पाणी आहे."

"तिथे उजेड कुठाय?"

"लाईट लावू ना."

मनोरमाबाईंनी नकाशावरच्या त्या जागेकडे पाहिलं. गायलं तर ती भीतीने आतल्या आत कुढत राहणार. नाही गायलं तर विटांच्या चार भिंती. देवापुढे एवढी वर्षं उभं राहून लोकांना त्यांनी वाट दाखवली होती. सोपी, सरळ, दोन्ही बाजूंनी मोगरा लावल्यासारखी. ती वाट त्यांना आज कुठे दिसेना.

"मी लोकांना सांगेन," त्या म्हणाल्या. "कीर्तनातच सांगेन, खरं काय ते. मग त्यांनाच वाटेल, तिला शांत जागा द्यावी म्हणून."

"सांगा की." कौस्तुभ मऊ आवाजात म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं. "पण एवढी वर्षं तुम्हीच तर उलटं सांगत आलात, काकू."

एकादशीला दुपार कलली आणि मांडव भरला. आगाशीच्या, बोळींजच्या बायका पुढे सतरंजीवर, विरारची फ्लॅटमधली मंडळी मागे खुर्च्यांवर आणि कडेने राजोडीहून वळलेले, पायांना अजून वाळू लागलेले पाहुणे. जाळीपासून मांडवाचा खांब हाताच्या अंतरावर होता. तुळसा पार पलीकडच्या कोपऱ्यात, सुकलेल्या आंब्याला अंग लावून उभी होती. सकाळचा हिरवा चारा जशाचा तसा पडला होता.

"बाय, हे घ्या." प्लासिडने वाळवलेल्या केळ्यांची कागदी पुडी पुढे केली. "सुकेळी हायत. सालोमीनं दिल्यात. उपासाला चालतात नं तुमच्या?"

"चालतात हो. कीर्तन झालं की खाते."

"सकालपासून पानी पन नाय प्यायली ती," तो खाली बघून म्हणाला. आज त्याने ते आपणहून सांगितलं.

नऊवारीचा काष्टा सारखा करून मनोरमाबाई गादीपाशी आल्या. गादी म्हणजे साधी घडी घातलेली लाल सतरंजी. पण ती नारदाची गादी. तिच्यावर पाय ठेवण्याआधी वाकून तिला हात लावायचा आणि एकदा पाय ठेवला की आरती होईपर्यंत तिच्यावरून उतरायचं नाही. गुरूने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. अंगात ताप असताना, नवऱ्याला दवाखान्यात ठेवलेलं असताना, एकदा तर मांडवाचं छप्पर वाऱ्याने उडालं असताना त्यांनी ते पाळलं होतं.

पेटीवर श्रीरंग होते. आगाशीचे, सत्तरीचे, प्रत्येक कीर्तनात त्यांच्यासोबत बसणारे. मनोरमाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"आज वाजवू नका. तबलाही नको. मी तशीच बोलते."

"आणि स्पीकर?"

"बंद करा."

श्रीरंगांनी भुवया उंचावल्या, पण पेटीचा भाता मिटला. मनोरमाबाईंनी गादीला हात लावला, कपाळाला लावला आणि त्या उभ्या राहिल्या. बोटांत चिपळ्या नव्हत्या. हात मोकळे, पोरके वाटत होते.

त्यांनी आख्यान लावलं ते एका राजाचं. राज्य सोडून वनात गेलेला, देहाची आस सुटलेला राजा. नदीत वाहत आलेलं हरणाचं पाडस त्याने वाचवलं आणि त्या पाडसात त्याचा जीव असा गुंतला, की मरताना ओठांवर देवाऐवजी तेच होतं. पुढच्या जन्मी तो स्वतःच हरीण झाला. हे आख्यान त्यांनी कितीदा लावलं असेल. दर वेळी निरूपण एकच, माया कशी बांधते. आज पाडसापर्यंत आल्या आणि त्यांना वाटलं, त्या पाडसाला कुणी विचारलं होतं का, तुला राजा हवा होता की आई?

हे बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. माना सगळ्या जाळीकडे वळल्या होत्या.

"आज येत नाहीये," कुणी तरी म्हणालं.

"वाजवत नाहीयेत ना म्हणून."

"तुळसाऽ! ये, ये!"

मागून एकाने टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्याने. एका बाईने पिशवीतून टाळ काढले आणि भाबडेपणाने, जणू मनोरमाबाई काही विसरल्या होत्या तर आपण सावरून घ्यावं म्हणून, छन् छन् सुरू केलं. मांडवाने ते उचललं. विठ्ठल, विठ्ठल.

तुळसा आंब्यापासून सुटली. आखडलेल्या पायांनी एकेक पाऊल टाकत मांडवाच्या दिशेने आली. कान पुढे. शेपटी वर. पाय उचलला, धरला, आपटला.

"वाऽ!" मांडव उसळला. फोन वर झाले.

"थांबा," मनोरमाबाई म्हणाल्या. स्पीकर त्यांनीच बंद केला होता. त्यांनी दोन्ही हात वर केले. तेव्हा कुठे टाळ थांबले. "बायांनो, ऐका. मी आजवर तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती ताल नाही धरत. ती भ्यायली आहे."

पुढच्या रांगेतल्या जनाक्का, त्यांची पहिल्या कीर्तनापासूनची श्रोती, त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"खरंय हो, बाई," जनाक्का गहिवरून म्हणाल्या. "देवाचं भय आहे तिला. मुकं जनावर, पण आहे. आपल्याला कुठेय?"

"नाही, जनाक्का, तसं नाही…"

"काय बोललात! भ्यायली आहे म्हणे!" कुणी तरी डोळ्यांना पदर लावला. "अंगावर काटा आला."

टाळ पुन्हा वाजू लागले. या खेपेला जास्त जोराने, जास्त प्रेमाने.

मनोरमाबाई बघत राहिल्या. या माणसांना ऐकायला त्यांनीच शिकवलं होतं. प्रत्येक गोष्टीच्या पोटात देव शोधायचा, असं त्याच सांगत आल्या होत्या आणि या बापड्या बायका ते किती मनापासून शिकल्या होत्या.

जाळीपलीकडे खूर पुन्हा आपटला. मनोरमाबाईंनी तिकडे पाहिलं. तुळसा टाळांकडे बघत नव्हती. फोनांकडे बघत नव्हती. एवढ्या गर्दीत तिने ओळखीचं एकच माणूस हेरलं होतं. सरळ त्यांच्याकडे तोंड करून ती पाय आपटत होती. आपल्याला ती वाघ समजते की कळपातलं कुणी, हे त्यांना कळेना. कळायला मार्गही नव्हता. पण दोन्हीचं उत्तर एकच होतं. इथून हला.

मनोरमाबाईंनी गादीवरून पाय खाली ठेवला.

श्रीरंगांचा हात पेटीवर आपसूक पडला आणि एक बेसूर स्वर निघाला. "बाई, गादी!" ते दबक्या आवाजात म्हणाले. पण बाई चालू लागल्या होत्या. मांडवाच्या कडेने, भेकराच्या पाटीवरून, काळविटांच्या पाटीवरून, मागे वळून न बघता. टाळ गोंधळले, थांबले. खुर्च्या सरकल्या. पाच-सहा बायका धावल्या.

"काय झालं, बाई? चक्कर आली का?"

"हो," मनोरमाबाई म्हणाल्या. हयातीत गादीवर खोटं बोलल्या नव्हत्या. आता गादी मागे राहिली होती. "चक्कर आली. आज नाही जमायचं मला. सगळ्यांना सांगा, घरी जा म्हणावं."

बायकांनी त्यांना केळीच्या वाडीच्या बांधावर बसवलं, पाणी दिलं, तळपाय चोळले. एकादशीला काही खात नाही, मग असंच होणार, असं म्हणत प्रेमाने रागावल्या. गादी अर्ध्यात सोडली, हे एकीच्याही तोंडून निघालं नाही. निघता निघता जनाक्का मात्र दुरूनच त्या लाल सतरंजीला हात जोडून पुटपुटल्या. क्षमा मागितली असावी. मांडव हळूहळू रिकामा झाला. राजोडीचे पाहुणे गाड्या काढून गेले.

कौस्तुभ सगळ्यात शेवटी आला. बांधापाशी उभा राहिला.

"गाडीने सोडू का घरी?"

"बसते जरा."

"तब्येत सांभाळा, काकू." तो रिकाम्या मांडवाकडे बघत म्हणाला. "सोमवारी पिंजऱ्याचे लोक येतायत मापं घ्यायला. त्यांना आता काय सांगायचं, ते बघतो." तो थोडा थांबला. त्या काही म्हणतील असं त्याला वाटलं असावं. मग निघून गेला.

मांडवाचे खांब काढायला माणसं उद्या येणार होती. ऊन केळीच्या पानांवरून खाली उतरलं होतं. बांधावर मनोरमाबाई आणि प्लासिड दोघंच उरली. मांडीवर सुकेळ्यांची पुडी तशीच होती.

"तुळसा बसली का हो?" त्यांनी विचारलं.

प्लासिडने डोळ्यांवर आडवा हात धरला. "उभी हाय. हिकडंच बघते."

मनोरमाबाई उठल्या आणि बांध उतरून केळींच्या पहिल्या रांगेत जाऊन थांबल्या. मागोमाग प्लासिड आला.

"आता?"

"अजून बघते. कान हिकडं हायत."

त्या आणखी आत सरकल्या. पाटाचं पाणी चुकवत, काष्टा सावरत. केळीची मोठी पानं समोर आली. त्यांच्या अधू नजरेला इथून जाळी दिसत नव्हती, आंबा दिसत नव्हता, नुसती हिरवी सावली हलत होती. नंदाखालच्या चर्चची संध्याकाळची घंटा वाजू लागली. प्लासिडने टोपी काढून छातीवर क्रूस केला, ओठ हलवले आणि घंटा संपेपर्यंत थांबला.

"आता?" मनोरमाबाईंनी विचारलं.

त्याने एक पान हाताने बाजूला केलं आणि बराच वेळ बघितलं.

"पाय दुमडले," तो हळूच म्हणाला. "बसली, बाय."

"खरंच?"

"तोंड हलवते. रवंथ करते." मग त्याच्या स्वतःच्याच लक्षात काही तरी आलं असावं. "एकादशीला पयल्यांदाच बघतो."

मनोरमाबाईंनी तिकडे मान लांब केली. काहीच दिसत नव्हतं. हे पान जरा बाजूला केलं असतं, चार पावलं पुढे टाकली असती, बांधावर चढल्या असत्या, तर निदान एवढं तरी डोळ्यांनी बघून ठेवता आलं असतं, सोमवारच्या आधी.

"नीट बघून ठेवा, प्लासिडभाऊ," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगा, कशी बसलीये ती."